डहुळ आणि निवळ : डिंभ्याच्या काठावर समुद्र शोधताना

समुद्र शोधायला मंचरहून घोडेगावच्या रस्त्याला लागायचं, असं कोणी सांगितलं तर तुम्ही हसाल. आमच्या घरीही हसले.

"अहो, समुद्रच बघायचा तर मला एकदा अलिबागला तरी न्या," आमच्या सौ. डबा भरता भरता म्हणाल्या. "डिंभ्याला काय दिसणारे? म्हशी."

म्हशी दिसल्याच. त्यांच्यामुळेच हे सगळं घडलं, म्हणून सांगतो.

या ब्लॉगवर मी एरवी जुन्नर-आंबेगावातली देवळं, लेणी आणि आडवाटा यांबद्दल लिहितो. या वेळचा प्रवास गेल्या एप्रिलमधला, तीन दिवसांचा. लिहायला दोन महिने लागले, कारण सायबर कॅफेत बसून पहिला परिच्छेद टाइप करायचो आणि उठून यायचो. आता मात्र सगळं लिहितो.

विलास माझा निमगाव सावाचा बालमित्र. शाळेत एकाच बाकावर बसलो. बारावीनंतर दोघांनाही पुण्यात भूशास्त्राला प्रवेश मिळाला. मी वसतिगृहात आठ दिवस राहिलो आणि ट्रंक उचलून परत आलो. पैशाची अडचण नव्हती, घरून विरोध नव्हता. मला भीती वाटली, एवढंच. विलास राहिला. पुढे समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर त्याने वीस-बावीस वर्षं काढली. मी बी.एड. करून मंचरजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवू लागलो. 'भूखंडमंच', म्हणजे किनाऱ्यापुढचा समुद्राचा उथळ तळ, हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. तो त्या मंचावरच्या पाण्यात उभं राहून आलेला माणूस आहे. पन्नाशी जवळ आली तरी मला हे पचलेलं नाही. त्याचं बरं चाललंय असं कोणी सांगितलं की मी "वा, वा" म्हणतो, आणि त्या दिवशी माझं जपात लक्ष लागत नाही.

जानेवारीत त्याचं पत्र आलं. मराठी माध्यमातून शिकून कॉलेजात गेलेल्या मुलांसाठी तो एक पुस्तक लिहीत होता. समुद्र जमिनीवर चढतो, परत उतरतो आणि दर वेळी मागे थर टाकतो, ते थर कसे वाचायचे, याबद्दलचं. त्याची अडचण एकच होती. किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत एकामागे एक पट्टे असतात. भरती-ओहोटीच्या मधला एक. त्याच्या पुढचा, कायम पाण्याखाली असलेला पण लाटांनी ढवळला जाणारा. त्याच्याही पुढचा, जिथे लाट तळापर्यंत पोचतच नाही. मग भूखंडमंचाची कड आणि खाली खंडान्त उतार. इंग्रजीत प्रत्येक पट्ट्याला नाव आहे. मराठीत बहुतेकांना नाही. "शब्द तुझे, बाकी माझं," त्याने लिहिलं होतं. "जमलं तर कव्हरवर दोघांची नावं टाकू."

'जमलं तर' हे दोन शब्द मी किती वेळा वाचले ते सांगत नाही. तीन महिने संस्कृत कोश उशाशी घेऊन झोपलो. अग्रतट, पश्चतट, सागराक्रमण, सागरापसरण. वही भरत गेली. सगळ्यात लाडका शब्द 'तटमुख'. लाटांनी ढवळल्या जाणाऱ्या पट्ट्यासाठी तो सुचला त्या सकाळी मी देवापुढे एक उदबत्ती जास्तीची लावली.

एप्रिलमध्ये विलासचा फोन आला. "मास्तर, शब्द कागदावर नकोत. काठावर उभं राहून तपासू. समुद्राला चढ-उतार करायला हजारो वर्षं लागतात, धरण ते दरवर्षी करतं. चल डिंभ्याला."

तो शनिवारी सकाळी मंचरला आला. नवी पांढरी गाडी. कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत त्याने ती स्टँडसमोर लावली. तिथे आम्ही मिसळ खाल्ली. वीस रुपयांत पोट भरतं, रस्सा परत मागितला तर वाढतात. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, "एसी लावू का रे?" मी नको म्हणालो. तो काचा उघड्या ठेवूनच निघाला. त्याने माझं ऐकलं याचाही मला राग आला.

तुम्ही जाणार असाल तर मंचरहून भीमाशंकरची एसटी घ्या. घोडेगाव, शिनोली करत पाऊण-एक तासात डिंभ्याला सोडते. बाजाराचा वार असेल तर घोडेगावात अर्धा तास धरून चाला. धरणाच्या पुढे पाण्याच्या कडेकडेने कच्च्या वाटा उतरतात. ज्या गावाच्या नावाने आपला तालुका आहे ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. मी गाडीतूनच त्या बाजूला हात जोडले. विलासने हॉर्न वाजवणं थांबवलं. त्याला अशा गोष्टी कळतात, हेही खरं.

एप्रिलमध्ये पाणी खूप खाली गेलेलं असतं. काठाला वरपासून खालपर्यंत बोटभर-वीतभर उंचीच्या पायऱ्या पडलेल्या, जणू कोणी डोंगरावर कंगवा फिरवलाय. प्रत्येक पायरीवर काटक्या, शेणकुटाचे तुकडे, वाळका पाला. अगदी खाली पाण्याजवळ हिरवे तुकडे दिसत होते. ही गाळपेर. पाणी मागे हटलं की उघडी पडलेली गाळाची जमीन धरणग्रस्तांना हंगामापुरती मिळते. ते त्यात मूग, भुईमूग, मेथी-कोथिंबीर असं झटपट येणारं पीक घेतात. पावसाळ्यात ती परत पाण्याखाली जाते.

विलास बूट हातात घेऊन चिखलात उतरला, शाळकरी पोरासारखा. मला वाटलं, आता आपण काहीतरी बोललं पाहिजे.

"हे बघ," मी वर्गात बोलतो तसा आवाज लावला, "पावसाळ्यात पाणी चढताना टप्प्याटप्प्याने थांबतं. त्या प्रत्येक थांब्याची ही पायरी. म्हणजे सागराक्रमणाचा नमुनाच."

खालच्या तुकड्यात एक साठीची बाई खुरपत बसली होती. तिने मान वर केली.

"कुटल्या साळंतलं म्हनायचं पावणं?"

"मंचरकडचा. मास्तर आहे मी."

"मंग बराबर." तिने खुरपं मातीत रोवलं. "आवो, चडतं पानी मागं काय ठेवतं व्हय? समदं पुसून टाकतं ते. ह्या पायऱ्या उतरत्या पान्याच्या हाईत. कालव्याला आवर्तन सुटलं की पानी उतरतं, बंद झालं की थांबतं. थांबलं तितं पायरी. दिवाळीपसनं मोजा हवं तर."

विलास हसत हसत चिखलातच बसला. "मास्तर, गेलात! बाईंनी माझा आख्खा चौथा धडा एका दमात सांगितला. चढता समुद्र आधीचं खरवडून टाकतो, उतरता मागे खुणा ठेवतो. हे कळायला मला दोन वर्षं लागली होती."

"तुमी बी मास्तर का?" बाईने त्याला विचारलं.

"नाही मावशी, मी समुद्रावरचा."

"मंग हिकडं कशाला आला? हितं खारं न्हाई काय."

दोघं हसले. मीही हसलो, पण माझे कान तापले होते.

तिचं नाव हौसाबाई. तिची आठ एकर जमीन धरणात गेली. आता जो तुकडा ती पेरते तो तिच्याच जुन्या शेताच्या बांधाला लागून आहे, असं तिने हाताने दाखवलं. "सरकारनं घेतली खरी," ती म्हणाली, "पन सरकार काय समदं साल वापरत न्हाई. उरल्यालं मी वापरते." बांध दरवर्षी पाण्यात विरघळतात. म्हणून ती आणि शेजारचे पाणी उतरेल तशा खाली खाली निरगुडीच्या काठ्या रोवत जातात आणि हद्द नव्याने आखतात. भांडण होतं का, असं विचारलं तर म्हणाली, "व्हतं की. भांडान झाल्याबिगर पेरलंय आसं वाटतच न्हाई."

विलास फोटो काढायला पार वर, पावसाळ्यातल्या पाण्याच्या रेघेपर्यंत चढून गेला. मी तिच्याजवळ पाणी मागितलं. तिने तांब्या दिला आणि एकदम पाण्याकडे बघून ओरडली, "ये भवाने! बस तिकडंच डहुळात दिसभर!"

तिच्या दोन म्हशी काठापासून थोड्या आत बसल्या होत्या. वारा पश्चिमेचा होता, लाटा बारक्या पण सतत. काठालगत दहा-पंधरा पावलांचा पट्टा चहासारखा गढूळ, आणि त्याच्या पलीकडे एकदम काळंनिळं स्वच्छ पाणी. सीमा इतकी स्पष्ट की खडूने ओढावी.

"डहुळ म्हणजे तो गढूळ पट्टा?" मी विचारलं.

"व्हय. लाट जितवर तळाला लागती तितवर डहुळ. त्येच्या पल्याड निवळ. निवळात वर कितीबी लाट असू द्या, खाली हालत न्हाई. डहुळाखाली पाय टाका, रेती लागंल. निवळाखाली नुसता लोन्यावानी गाळ. म्हस बी डहुळातच बसती, निवळात जात न्हाई. फसती ना."

मी तांब्या हातात धरून उभा राहिलो. विलासला हव्या असलेल्या दोन पट्ट्यांची नावं ही बाई म्हशीला शिव्या देता देता सांगत होती. नुसती नावं नाहीत, व्याख्यासुद्धा. लाट तळाला कुठवर लागते यावरच तर तो सगळा भेद आहे. त्याखाली काय साठतं, तेही तिने सांगितलं. माझ्या वहीतलं तटमुख मला परीक्षेत कॉपी करून लिहिल्यासारखं वाटायला लागलं.

विलास धापा टाकत खाली आला. "काय म्हणत होत्या मावशी?"

"काही नाही," मी म्हणालो. "म्हशींचं सांगत होत्या."

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं की मलाच आश्चर्य वाटलं. हौसाबाई पुन्हा खुरपायला बसली होती. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही.

घोडेगावहून जुन्नरला आडवा रस्ता आहे. खड्डे बरेच आहेत, पण मंचर-नारायणगावचा वळसा वाचतो. जुन्नरला बाजारपेठेजवळ एका लॉजमध्ये खोली घेतली. अडीचशे रुपये, चादरी स्वच्छ, गरम पाणी सकाळी बादलीने आणून देतात. संध्याकाळी दिवेलागणीला शेजारच्या खानावळीत मासवडी खाल्ली. जुन्नरला येऊन मासवडी न खाता जाऊ नका. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, नावात मास असलं तरी ती बेसनाची असते, आत तीळ-खोबऱ्याचं सारण. बाजरीची भाकरी कुस्करून वर रस्सा घ्यायचा.

विलासने माझी वही ताटाशेजारी उघडली होती. अग्रतट चालेल म्हणाला. पश्चतट चालेल म्हणाला. मग बोट थांबलं.

"दत्ता, तटमुख नको रे. मुख म्हटलं की पोरं नदीचं मुख समजतील. शिवाय त्यात लाट कुठेच नाही. तू खूप मेहनत केलीस, पण हा शब्द कोरडा आहे."

कोरडा. मी घास तसाच ठेवला. आणि मग, जणू आत्ताच आठवल्यासारखं, म्हणालो, "आमच्या आजोळी त्याला एक शब्द होता. डहुळ. आणि त्याच्या पलीकडच्याला निवळ."

विलासचा हात रश्श्यात थांबला. "परत सांग."

मी सांगितलं. लाट तळाला लागते तिथवर डहुळ, पुढे निवळ. खालची रेती, लोण्यासारखा गाळ, सगळं. त्याने तसाच भाकरीचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "मास्तर! हा मूळचा शब्द आहे. आपण बाकावर बसायचो तेव्हापासून तुझ्याकडे होता आणि तू बोलला नाहीस? दत्त्या, लेका, तूच भूशास्त्राला हवा होतास. मी नाही."

तीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती, हे मला ते ऐकल्यावर कळलं. खानावळवाला म्हणाला, "काय राव, कुनाचं लगीन ठरलं काय?" विलास म्हणाला, "हो, याचं!" मी आणखी एक मासवडी मागितली. मला ती खरंच फार चविष्ट लागली. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकडोहच्या काठाला उतरलो. नाणेघाटाच्या वाटेवर उजवीकडे-डावीकडे जिथून पाणी दिसतं तिथे कुठेही थांबता येतं. वारा पडलेला होता, पाणी आरशासारखं. डहुळ कुठेच नव्हता. विलासने वही काढली.

"एक सांग. तुमच्या आजोळी डहुळ हे ठरलेल्या जागेचं नाव होतं, की पाणी सरकलं की डहुळही सरकायचा? म्हणजे जानेवारीतला डहुळ आणि एप्रिलमधला डहुळ एकाच ठिकाणी?"

मला माहीत नव्हतं. आजोळी मी हा शब्द कधी ऐकलेलाच नव्हता. आजोळ पारगावकडचं, तिथे धरण नव्हतं, तळंही नव्हतं. खरं उत्तर होतं, चल, मावशीला विचारू. पाऊण-एक तासाची वाट. पण तसं म्हटलं तर कालचा भाकरीचा हात खांद्यावरून उतरणार.

"जागेचंच नाव," मी म्हणालो. "एखाद्या वावराला नाव असतं ना, तसं."

विलासचा चेहरा पडला. "नक्की?"

"नक्की."

"मग उपयोग नाही रे." त्याने शब्दावर हळूच रेघ मारली. हळूच, म्हणजे त्याला वाईट वाटत होतं. "मला सरकणारा पट्टा हवा. समुद्र सरकतो तसे हे पट्टे सरकतात, एकमेकांवर चढतात, त्यावरच तर सगळं पुस्तक उभं आहे. ठरलेल्या जागेचं नाव दिलं तर पोरं पहिल्याच पानावर चुकतील. जाऊ दे. तुझं तटमुखच ठेवू."

म्हणजे माझाच शब्द राहिला. मी तीन महिने जे मागत होतो ते मला मिळालं.

नाणेघाटाबद्दल मी या ब्लॉगवर पूर्वी लिहिलंय, पुन्हा लिहीत नाही. घाटघरपर्यंत रस्ता ठीक आहे, तिथे चहा-पोहे मिळतात, पुढे पाणी बरोबर ठेवा. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण आणि त्याच्या पलीकडे फक्त धुरकट उजेड. समुद्र दिसत नाही. विलास बराच वेळ त्या उजेडाकडे बघत होता. त्या उजेडाखालच्या मंचावर त्याने आयुष्य काढलं होतं. तिथे किती मीटरवर वाळू संपते आणि चिखल सुरू होतो, हे त्याला आपल्या अंगणासारखं माहीत आहे. वाळूवर चिखल आला तर समुद्र चढला, चिखलावर वाळू आली तर उतरला, असं तो मला सांगत होता. मी ऐकत होतो आणि मनात एकच चाललं होतं, याला एवढं सगळं मिळालं, मला एक शब्द मिळाला तर काय बिघडलं?

"कव्हरवर तुझं नाव नक्की," तो परत निघताना म्हणाला. "जमलं तर वगैरे नाही. नक्की."

तिसऱ्या दिवशी ओझरच्या गणपतीला गेलो. पहाटे गेलात तर गर्दी नसते. मी देवाकडे सहसा काही मागत नाही. बाप म्हणायचा, त्याला दिसतंय ते आपण कशाला सांगायचं? त्या दिवशी मात्र हात जोडल्यावर माझ्या मनात पुस्तकाचं कव्हर उभं राहिलं, दोन नावांचं. मी डोळे उघडले आणि प्रदक्षिणा न घालता बाहेर आलो. विलास प्रसादाच्या रांगेत माझी वाट बघत होता. त्याने दोन पुडे घेतले होते, एक माझ्या घरासाठी.

दुपारी त्याने मला मंचरला सोडलं आणि तो मुंबईकडे गेला. पुस्तक मे अखेरीस छापायला जाईल म्हणाला.

घरी आल्यावर पहिले चार-पाच दिवस बरे गेले. सौ.ना कव्हरचं सांगितलं. त्यांनी शेजारी सांगितलं. मग एका दुपारी शाळेत भूगोलाचे पेपर तपासत होतो. एका मुलीने लिहिलं होतं, किनाऱ्याची रेघ कायम एकाच जागी असते. मी लाल पेन उचललं, चूक अशी खूण केली, आणि माझा हात तिथेच राहिला. पुस्तक छापून आलं की असल्याच मुलांच्या हातात जाणार होतं. त्यात एक जिवंत शब्द असायला हवा होता. तो मी आधी चोरला आणि मग, चोरी उघडी पडू नये म्हणून, मारला.

रविवारी सकाळी एसटीने डिंभ्याला गेलो. एकटाच. सौ.ना सांगितलं, म्हशी बघायला जातो.

हौसाबाईला विचारायची गरजच पडली नाही. मागच्या वेळी जिथे म्हशी पाण्यात बसल्या होत्या तिथे आता ती उभी राहून कोथिंबिरीचं बी फोकत होती. निरगुडीच्या काठ्या चाळीस-पन्नास पावलं खाली आल्या होत्या. पाणी तिथून पुढे होतं, आणि त्याच्या कडेला, दहा-पंधरा पावलांचा, चहाच्या रंगाचा डहुळ.

तरी विचारलं.

"सरकतोच की," ती म्हणाली. "पानी उतरंल तसा डहुळ उतरतो, आन् त्येच्या मागं मागं आमचं पेरनं. डहुळ सरला की रेतीचा पातळ थर ऱ्हातो वर, खाली जुनं निवळाचं लोनी. तितं लई झ्याक येतं. एका जागी ऱ्हायला डहुळ काय देऊळ हाय का, मास्तर?"

चिखलावर वाळू. समुद्र उतरला. मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पुस्तकाचं, आजोळीचं, कव्हरचं. तिने ऐकून घेतलं, पण तिला त्यात मोठं काही वाटलं नाही.

"त्यात चोरायचं काय? सबुद मी केला व्हय? माजी सासू म्हनायची. तवा धरान बी नव्हतं, नदीच्या डोहाला म्हनायची."

"तुमचं नाव छापलं तर चालेल?"

"माजं नगं." तिने ओंजळीतलं बी फोकून टाकलं. "छापायचंच आसंल तर सासूचं छापा. म्हाळसाबाई. तिनं लई कामं केली, तिचं नाव कुटंच न्हाई. सातबाऱ्याव बी न्हाई."

संध्याकाळी घरून विलासला फोन केला. सौ. स्वयंपाकघरात होत्या, ऐकत होत्या. मी क्रमाने सगळं सांगितलं. 

"म्हणजे तू मला दोनदा फसवलंस," तो म्हणाला. "एकदा शब्द देताना आणि एकदा काढून घेताना."

"हो."

"का रे?"

"तुझा हेवा वाटतो म्हणून. बारावीपासून."

तो हसला नाही. मग त्याने कामाचं विचारलं. डहुळ सरकतो हे नक्की का, कोणी सांगितलं, मी डोळ्याने पाहिलं का. मी पाहिलेलं सांगितलं, पावलांच्या मापासकट. म्हाळसाबाईंचं नाव लिहून घे म्हणालो. त्याने लिहून घेतलं.

"आणि कव्हरचं?" त्याने विचारलं.

"माझं नाव काढ."

त्याने 'राहू दे रे' म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं. तो म्हणाला, "बरं."

ते पुस्तक आता छापून येईल. तटमुख त्यात नाही. आतल्या पानावर एका बाईचं नाव असेल, जिला समुद्र माहीत नव्हता. हेवा गेला का, असं कोणी विचारेल. गेलेला नाही. कालच कोणीतरी सांगितलं की विलासचं व्याख्यान ठेवलंय, आणि पुन्हा माझी जपाची माळ तेराव्या मण्यावर अडकली. पण आता तो हेवा मला दिसतो, लाट कुठवर तळाला लागते ते दिसतं तसा. त्या डहुळातून, बसल्या जागेवरून थोडं पलीकडे सरकता येतं.

गेल्या आठवड्यात विलासचा परत फोन आला. त्याला हौसाबाईंना भेटायचंय, पाणी चढायच्या आत. अजून बऱ्याच पट्ट्यांना नावं नाहीत. "येतोस बरोबर?" त्याने विचारलं. मला लगेच वाटलं, ही बाई तर माझी. मी शोधली. हिच्याकडे हा एकटा गेला तर पुढचे सगळे शब्द याचे होतील.

"नको," मी म्हणालो. "मी आलो तर मध्ये बोलेन."

मग त्याला वाट सांगितली. तुम्हालाही सांगतो. भीमाशंकरच्या एसटीने डिंभ्याच्या पुढे उतरायचं, पाण्याच्या बाजूला कच्ची वाट जाते तिने. पहिल्या वळणाला दोन वाटा फुटतात, डावीकडची रुंद आहे ती घ्यायची नाही, उजवीकडच्या पाऊलवाटेने खाली यायचं. निरगुडीच्या काठ्या दिसतील. त्यांच्या वरून चालू नका, पेरलेलं असतं. खाली साठीची एक बाई खुरपत असेल. आधी पाणी मागा. मग गप्प बसा.

ती बोलेल.